हेल्मीच्या मापाचा ओटा

"उठवू नका तिला," मी आर्वोला दारातच अडवलं. "झोपलीय."

"झोपलीय? भर दुपारी? हेल्मी?" त्याने मला बाजूला सारून मान आत घातली. "तीन तास झाले घरातून निघून. टेसाला अंडी देऊन येते म्हणाली. मला वाटलं, ओढ्यात पडली की काय."

टेसा म्हणजे मी; अंडी माझ्या टेबलावर होती. हेल्मी माझ्या उबदार मातीच्या ओट्यावर कुशीला वळून गाढ झोपली होती. तोंड जरासं उघडं, कपाळावर घामाचे दोन थेंब. बाहेर आमच्या खोऱ्यातलं नेहमीचं धुकं खिडकीला टेकलं होतं आणि ओट्याला जोडलेल्या भट्टीच्या पिंपात काटक्यांचा जाळ हळू आवाजात घुमत होता. दोन घास खाऊन ती "जरा टेकते" म्हणाली होती, ती तशीच कलंडली.

आर्वोची नजर तिच्या चेहऱ्यावरून खाली आली आणि अडकली. ओट्याखाली तिचे बूट होते. बुटांवर लोकरीचे पायमोजे. त्यावर एक स्वेटर, त्यावर आणखी एक स्वेटर, आणि सगळ्यांत वर ते करडे हातमोजे. ते ती जेवतानासुद्धा काढत नसे. हेल्मीचे उघडे हात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले.

"हातमोजे काढलेत तिने," आर्वो म्हणाला.

"हो."

"स्वतःहून?"

"मग काय मी उपटून काढले?"

एरवी त्याने मला सोडलं नसतं. आमचं भांडण वीस वर्षांचं. मी या खोऱ्यात मातीचं घर बांधलं त्या दिवसापासून तो मला चिखलवाली म्हणतो, आणि मी त्याला म्हातारा ओंडका म्हणते. पण त्या दिवशी तो नुसता खुर्चीत बसला. सव्वासहा फुटी माणूस, चाळीस वर्षं जंगलात झाडं पाडलेला, हातात कॉफीचा कप धरून बायकोच्या कपड्यांच्या ढिगाकडे बघत होता. कॉफी तशीच गार झाली.

हेल्मी जागी झाली, नवऱ्याला पाहिलं, आणि सगळ्यांत आधी तिने हातमोजे चढवले. चोरी पकडली गेल्यासारखी ती भराभर स्वेटर घालू लागली.

"घरी जाऊ," ती म्हणाली. "चल. उशीर झाला."

हेल्मीची एकतीस वर्षं नदीच्या मुखावरच्या मासळीच्या कारखान्यात गेली. डब्यात भरायचे सॅमन मासे बर्फाच्या पाण्यात धुवायचे, साफ करायचे, पुढे सरकवायचे. सकाळी सहापासून. कारखाना बंद पडला, निवृत्तीचा केक कापला, पण गारठा तिच्या हातांतून गेला नाही. आमच्याकडे फिनलंडहून आलेल्या लोकांच्या प्रत्येक घरामागे सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली, असते. तिथे शनिवारी तेवढी तिची हाडं शेकायची. छातीच्या दुखण्यानंतर डॉक्टरने तेही बंद केलं.

आणि घरात होती आर्वोची फायरप्लेस. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने नदीतले गोटे पाठीवर वाहून आणून ती बांधली होती. आत वासरू उभं राहील एवढी. संध्याकाळी तो तिच्यात चार फुटी ओंडका टाकायचा, ज्वाळा छातीएवढ्या चढायच्या, आणि तो वळून विचारायचा, "ऊब लागतेय ना?" हेल्मी म्हणायची, "लागतेय." मी स्वतः कितीदा ऐकलंय. समोर बसलं की गुडघे भाजायचे आणि पाठ गोठायची, कारण असली फायरप्लेस घरातली सगळी गरम हवा धुराड्यातून आभाळात सोडून देते. हे मी त्याला एकदा सांगितलं होतं. "तू तुझ्या मडक्यात चहा उकळ," तो म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घराकडून घणाचे आवाज यायला लागले. मी धावत गेले. आर्वो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झाला होता आणि फायरप्लेसचा वरचा भाग जमिनीवर पडला होता.

"वेड लागलंय का?" मी म्हटलं.

"काल येताना रस्त्यात विचारलं तिला," तो धापा टाकत म्हणाला. "म्हटलं, आपल्या घरी कधी अशी घाम येऊन झोपलीस? तर काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, तुझा जाळ फार देखणा असतो, आर्वो." त्याने घण उचलला. "देखणा! सेहेचाळीस वर्षं मी रोज विचारतोय, आणि सेहेचाळीस वर्षं ती रोज..." पुढचं घणाने सांगितलं.

हेल्मी स्वयंपाकघरात वेलदोड्याच्या पावाच्या वेण्या घालत होती. मी आत गेले तर तिने वर बघितलं नाही.

"इतक्या प्रेमाने लाकडं रचायचा," ती पिठाला सांगितल्यासारखं म्हणाली. "तू असतीस तर काय सांगितलं असतंस? आणि एकदा 'हो' म्हटलं की दुसऱ्या दिवशी 'नाही' कसं म्हणायचं? दिवस गेले तसं ते आणखीनच अवघड झालं बघ."

बाहेरून हाक आली. "चिखलवाले! तुझ्याकडे आहे तसली रॉकेट-भट्टी इथे करायची. कधी लागायचं कामाला?"

"ऑगस्टमध्ये," मी म्हटलं. "आता ऑक्टोबर चाललाय. माती वाळायला उन्हाळा लागतो."

"ऑगस्टमध्ये कुणाला थंडी वाजते?"

त्याच्या घाईलाही कारण होतं. आदल्या हिवाळ्यात हेल्मीला दोनदा न्यूमोनिया झाला होता. मुलगी, सिल्विया, ॲरिझोनात राहते, वाळवंटात. तिने आईवडिलांना स्वच्छ सांगून ठेवलं होतं की नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी येणार, आणि घर असंच गार असेल तर आईला घेऊन जाणार. आर्वोलाही ये म्हणाली होती. पण आर्वोला या खोऱ्याबाहेर काढणं म्हणजे झाड मुळासकट उपटणं. हे सगळं मला माहीत होतं. माती महिन्याभरात वाळणार नाही हेही माहीत होतं. तरी मी हो म्हटलं. इतक्या वर्षांनी तो अकडू माणूस माझ्या बाजूला आला होता, आणि मला त्याचा मोह झाला. हे मी आज कबूल करते.

मातीची घरं बांधणारे आम्ही आठजण जमलो. ताडपत्रीवर चिकणमाती, वाळू आणि पेंढा टाकून अनवाणी तुडवायला लागलो. आर्वो आधी लांब उभा राहून हसत होता. मग त्याने बूट काढले आणि त्याच्या एका पावलात आमची चार पावलं मावली. जुन्या फायरप्लेसचे गोटे आम्ही ओट्याच्या पोटात भरले. मधून लोखंडी नळी गेली. एका टोकाला जाळाचं पिंप, दुसऱ्या टोकाला जुनं धुराडं. काटक्या उभ्या घालायच्या, जाळ आडवा होऊन पिंपात उसळतो, आणि धूर ओट्याच्या पोटातून सरपटत जाताना आपली सगळी ऊब मातीला देऊन टाकतो. बाहेर पडतो तेव्हा त्याच्यात वाफेपलीकडे काही उरत नाही.

"म्हणजे काटक्या जाळायच्या," आर्वो म्हणाला. "दोनशे फुटी झाडं पाडली मी आयुष्यभर. आता म्हातारपणी झाडू जाळू?"

"तुला काय जाळायचंय त्याच्याशी मला काय करायचंय?" हेल्मी आतून म्हणाली. "काटक्या मला तरी तोडता येतील."

शेवटचा थर ओला असताना मी हेल्मीला बोलावलं. ओटा ज्याच्यासाठी, त्याने ओल्या मातीवर निजून माप द्यायचं, ही आमची रीत. जुनी चादर पसरली. ती आधी लाजली, मग हसत हसत हातमोजे सांभाळत आडवी झाली, पाय पिंपाकडे, डोकं धुराड्याकडे. आम्ही तिच्या कडेकडेने माती चेपत गेलो. कंबरेशी, खांद्याशी, मानेखाली एक छोटी उशी.

"माझ्या आजीच्या गावी असंच होतं," ती छताकडे बघत म्हणाली. "भट्टीवर ओटा असायचा, म्हातारी माणसं तिथे झोपायची. बाहेर बर्फ, आणि वर भाकरीचा वास. मी नाही पाहिलं हं. आई सांगायची. पण मला कितीदा स्वप्न पडतं त्याचं. मी वर निजलेली असते आणि खालून कुणीतरी विचारतं, उठायचं नाही का? मी म्हणते, नाही."

मग तिला हात देऊन उठवलं, चादर अलगद काढली, आणि मातीत हेल्मी राहिली. पावलं, पोटऱ्या, कंबर, खांदा, मान.

आर्वो वाकून बघत होता. "एवढीशी आहे ती?" तो म्हणाला.

पहिल्यांदा भट्टी पेटवली तेव्हा त्याने, माझी नजर चुकवून, मांडीएवढं लाकूड आत कोंबलं. सवयच ती. सगळा धूर उलटा खोलीत आला. आम्ही खोकत बाहेर पळालो, आणि तो दारात उभा राहून आजोबांच्या भाषेत शिव्या देत राहिला. मला त्यातली एकही समजली नाही, हेल्मीला सगळ्या समजल्या, कारण ती लाल झाली होती. मग धुराड्याच्या बुडाशी कागद जाळून ते तापवलं, बोटाएवढ्या काटक्या घातल्या, आणि जाळ एकदाचा घुमायला लागला.

पण ओटा गार. दुसऱ्या दिवशी गार, दुसऱ्या आठवड्यातही गार. ओली माती सगळी ऊब पिऊन टाकत होती आणि वाफ सोडत होती. खिडक्यांवरून पाणी ओघळायचं, कपाटातल्या चादरी दमट लागायच्या, आणि घरभर नांगरलेल्या शेताचा वास. देखणा जाळही गेला होता. फायरप्लेस होती तेव्हा निदान गुडघे भाजायचे.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी सिल्विया आली. बॅग खाली ठेवायच्या आधी तिने ओट्यावर तळहात टेकला.

"बाबा, हे ओलं आहे."

"वाळतंय."

"आई खोकतेय."

जेवण झालं. टर्की, बटाटे, भोपळ्याची गोड पेस्ट्री, सगळं होतं, पण कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. सिल्विया वाईट मुलगी नाही. तिने आवाज चढवला नाही, फक्त आईच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि तिच्या खांद्यांवर हात ठेवले.

"मला ऊब लागतेय," हेल्मी सगळ्यांना म्हणाली. "उगाच काळजी करता तुम्ही. चांगली ऊब लागतेय मला."

आर्वोने तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मी मनात म्हटलं, तिचं म्हणणं मान, म्हाताऱ्या, एवढ्या वेळी मान.

"नाही लागत," तो म्हणाला. "जा तू."

हेल्मी हातमोज्यातल्या हातांकडे बघत बसली. नवऱ्याने तिचं बोलणं खोटं ठरवलं ते आयुष्यात पहिल्यांदाच, आणि त्याच्या जिवावर येऊन. शनिवारी ती गेली.

डिसेंबरभर आर्वोने भट्टी विझू दिली नाही. सकाळी आणि संध्याकाळी जाळ, मध्ये काटक्या. ज्याने कधी मनगटाहून बारीक लाकडाकडे पाहिलं नव्हतं तो आता ओढ्याकाठी कात्री घेऊन फिरायचा, आल्डर झाडांच्या वाळक्या फांद्या वाकवून बघायचा, टचकन मोडली तरच घ्यायचा. मी कामावरून येताना त्यांच्याकडे डोकवायचे. दार उघडलं की वाफ आणि मातीचा वास अंगावर यायचा. त्या धूसर खोलीत तो ओट्यापाशी खुर्ची टाकून, एखाद्या आजाऱ्यापाशी बसावं तसा बसलेला असायचा.

ओली माती काळसर दिसते, वाळली की फिकी होते. पिंपाच्या टोकाकडून ती फिकी रेघ रोज जराशी पुढे सरकत होती. पाच वाजता हेल्मीचा फोन यायचा.

"आज घोट्यापर्यंत आलं," आर्वो सांगायचा.

"माझ्या की तुझ्या?"

"तुझ्या. माझे घोटे मावतात होय त्यात?"

नाताळला रेघ गुडघ्यांपर्यंत आली. त्याने मला फिक्या मातीवर हात ठेवायला लावला. ऊब होती. जाळ विझून चार तास झाले होते, तरी होती. आर्वो नुसता कॉफी ओतत राहिला, कप भरून वाहिला तरी. त्या दिवसांत मी कितीदा त्या खुर्चीत डुलकी काढली. वाफेत अर्धवट मिटल्या डोळ्यांना वाटायचं, ओट्यावर खरंच कुणीतरी निजलंय आणि त्याच्या पायांकडून वर वर ऊब चढतेय.

जानेवारीत रेघ कंबरेशी आली आणि त्याच सुमाराला हेल्मी फोनवर म्हणाली, "इथे बरं आहे रे. भिंतीतूनच गरम हवा येते. दोन्ही स्वेटर सुटले."

फोन ठेवून आर्वो खिडकीशी गेला.

"बरं आहे म्हणते," तो म्हणाला. "आता हे खरं, की मला बरं वाटावं म्हणून?"

"विचारा ना सरळ."

"विचारलं की ती हो म्हणते. तीच तर पंचाईत आहे, चिखलवाले. तिच्या 'हो'चं काय करायचं ते मला आता कळेनासं झालंय."

"मग ये म्हणा. बघा येते का."

"ये म्हटलं तर येईल. मनात असो नसो, येईल. मी ये म्हणणार नाही."

आणि तो म्हणाला नाही. रोज पाच वाजता फक्त रेघ कुठे आली ते सांगायचा. बरगडी. काख. मला त्याचा राग यायचा. वाटायचं, फोन हिसकावून घ्यावा आणि ओरडून सांगावं, अगं बाई, हा माणूस इथे वाळून चाललाय. पण मी गप्प बसायचे. एकदा हो म्हणून मी पुरता गोंधळ घातला होता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी तो फोनवर म्हणाला, "खांद्यापर्यंत."

पलीकडून काहीतरी विचारणं झालं.

"नाही. मान ओली आहे अजून. धुराड्याकडचं टोक ना ते. आणखी दोन आठवडे जातील."

मग तो बराच वेळ ऐकत राहिला. त्याचा कान लाल झाला. फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून, रागावल्यासारखं म्हणाला, "तेवढ्यासाठी थांबत नाही म्हणते. तिकीट काढलंय. सिल्वियाशी भांडून काढलंय." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "हेल्मी भांडली."

ती आली त्या दिवशी नेहमीसारखी रिमझिम होती. मी विमानतळावरून तिला घेऊन आले. वाटेत ती खिडकीबाहेर ओल्या झाडांकडे बघत होती. अंगावर पुन्हा दोन स्वेटर, हातात करडे हातमोजे. आर्वो दारात उभा होता. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. दोघांनी एकमेकांना "आलीस" आणि "आले" एवढंच म्हटलं.

आत सकाळपासून जाळ घुमत होता. वाफ कधीच सरली होती. खिडक्या कोरड्या होत्या आणि ओटा भाकरीच्या रंगाचा झाला होता. मानेपाशी मात्र ताटलीएवढा काळसर डाग उरला होता. आर्वोने तो झाकला नव्हता. त्यावर उशी ठेवता आली असती, सुचवलंही मी, पण तो नको म्हणाला.

हेल्मीने बूट काढले. पायमोजे काढले. एक स्वेटर, मग दुसरा. हातमोजे काढून ढिगावर ठेवले आणि आपल्याच मापात अलगद शिरली. तिने डोळे मिटले. मी दाराशी सरकले, कारण आता तिथे माझं काही काम नव्हतं. पण पाय निघेना.

आर्वो तिच्या बाजूला उभा होता. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने विचारलंच, त्याच शब्दांत.

"ऊब लागतेय ना?"

पिंपातल्या काटक्या घुमत होत्या. मला तिचं नेहमीचं उत्तर आधीच ऐकू आलं होतं. त्यालाही आलं असणार, कारण त्याने मान खाली घातली.

"सगळीकडे लागतेय," ती डोळे न उघडता म्हणाली. "मान तेवढी गारठलीय, आर्वो. आणखी काटक्या आण."

त्याने मान वर केली. मी त्या माणसाला झाड पाडताना पाहिलंय, मुलीचं लग्न लावताना पाहिलंय, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता.

"आणतो," तो म्हणाला. "लगेच आणतो. तरी म्हटलं, मान गार लागणारच." आणि माझ्या अंगावरून जवळजवळ पळतच, टोपी न घालता, पावसात गेला.

कवेत मावतील तेवढ्या काटक्या घेऊन तो परत आला तेव्हा ती झोपली होती. त्याने काटक्या आवाज न करता एक एक करून खाली ठेवल्या, ओले हात शर्टाला पुसले, पिंपापाशी धरून तापवले. मग ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसला आणि एक तळहात मागे नेऊन हळूच तिच्या मानेखाली सरकवला.